टायरानिड्सची शंभरेक मिनिएचर्स रंगवायची आहेत, तेही भुसावळच्या उन्हाळ्यात. कसं जमवू?

भाऊ, तुमच्याकडे वॉरहॅमर ४०,००० (टेबलावर छोट्या बाहुल्यांच्या फौजा मांडून खेळायचा युद्धखेळ) चे शंभरेक टायरानिड, म्हणजे त्यातले परग्रहावरचे राक्षसी प्राणी आहेत, बरेचसे टर्मागॉन्ट आणि हॉर्मागॉन्ट, म्हणजे त्यांचे छोटे शिपाई, आणि दहा-बारा रंगवले की पुढे हातच चालत नाही असं तुम्ही लिहिलंय. मी जळगावचा, माझ्याकडेही हीच फौज आहे आणि सगळी रंगवलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक नग हातात घेऊन तो पूर्ण करायचा, मग दुसरा घ्यायचा, असं करत असाल तर ते आधी बंद करा. आपल्याकडे उन्हाळ्यात बाया मिळून उडदाचे पापड करतात, तेव्हा एकजण लाट्या पाडते, बाकीच्या लाटतात, पोरं गच्चीवर वाळत घालतात, कोणी एकच पापड पहिल्यापासून शेवटपर्यंत करत बसत नाही ना, तसंच हे काम. दहा-दहाची बॅच करा, वीसच्या वर नको, कारण मग एकाच रंगात दोन संध्याकाळी जातात आणि पुढे काही सरकलंय असं वाटतच नाही. पीव्हीसी पाइपाचे बोटभर तुकडे कापा (इकडे शेताशेतात पडलेले असतात), त्यावर डबल टेप लावून एकेक नग उभा करा, म्हणजे धरायला मूठ मिळते आणि ओल्या रंगाला बोट लागत नाही.

रंगसंगती एका नगावर पक्की करा, कागदावर क्रमाने लिहून ठेवा, आणि मग शंभरावा होईपर्यंत ती बदलू नका. मधेच यूट्यूबवर काहीतरी भारी दिसतं आणि वाटतं आपण पण करावं, पण अर्धी फौज एक आणि अर्धी दुसरी दिसली की सगळा परिणाम जातो. या प्राण्यांची गोष्टच अशी आहे की सगळे एकाच हाइव्ह माइंडच्या, म्हणजे सामाईक मनाच्या, ताब्यात असतात, त्यामुळे एकसारखे दिसले तरच ते खरे वाटतात. टायरानिडांच्या वेगवेगळ्या टोळ्यांच्या ठरलेल्या रंगसंगती असतात, त्यातली नवीन माणसाला मी लेव्हायथन सांगतो, फिकं हाडासारखं अंग आणि जांभळं कवच. क्रॅकनचं अंगही तसंच फिकं, कवच लाल. बेहेमथ म्हणजे लाल अंग आणि निळं कवच, दिसतं सुंदर, पण लाल रंगात उजेड-सावली काढायला मेहनत जास्त लागते.

क्रम असा ठेवा. पांढरा किंवा हाडाच्या रंगाचा प्रायमर, मग अंगभर तपकिरी छटेचा कॉन्ट्रास्ट किंवा वॉश (खाचांत साचून आपोआप सावली देणारे पातळ रंग), तो पूर्ण वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने ऑफ-व्हाइट घासायचा. हे ड्रायब्रशिंग कवचाच्या आधीच करायचं, कारण ते इकडेतिकडे लागतंच आणि नंतर जांभळ्याखाली झाकलं जातं. ड्रायब्रशला महागडा ब्रश नको, कटलरीच्या दुकानातला मेकअपचा गोल मऊ ब्रश त्याहून चांगला चालतो. नंतर कवच, नख्या, जीभ, डोळे. सिटाडेल या रंगांच्या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग २०१९ ला आले आणि अशा मोठ्या फौजांचं काम खरंच हलकं झालं, एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही बसतं. आर्मी पेंटर कंपनीचा तसाच स्पीडपेंट पण छान आहे, फक्त २.० आहे का बघून घ्या, पहिल्या आवृत्तीचा वाळलेला रंग ओल्या ब्रशने परत सुटायचा.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा दुपारी गच्चीवर स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही. थेंब हवेतच वाळतात आणि नगावर रवाळ पावडर बसते, मग त्यावर कॉन्ट्रास्ट गुळगुळीत पसरत नाही, ठिपके ठिपके दिसतात. सकाळी सहा-साडेसहाला मारा, वारा पडलेला असताना, जवळजवळ वीतभर अंतरावरून, छोटे छोटे हात. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं सहज होतं, तेव्हा डबा घरातच थंड जागी ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पॅलेटवरचा रंग दोन मिनिटांत सुकतो त्याला उपाय म्हणजे वेट पॅलेट, चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला. कूलरच्या थेट झोतात बसू नका, धूळ पण येते आणि कॉन्ट्रास्टच्या कडेला डाग धरतात.

मेहनत कुठे घालायची हे ठरवून ठेवा. टेबलावर समोरचा माणूस तीन फुटांवरून बघतो, त्याला टर्मागॉन्टच्या पायाचं बोट दिसत नाही, तोंड, डोळे आणि कवचाची कड दिसते, तेवढंच नीट करा. उरलेला सगळा जीव हाइव्ह टायरंट आणि कार्निफेक्स या मोठ्या नगांवर ओता, त्यांना आठवडा द्या, त्यांच्याकडेच नजर जाते. दोन बॅच झाल्या की मधे एक मोठा नग घ्या, हाताला बदल मिळतो. आणि खेळायला जाणार असाल तर पूर्ण रंगवलेल्या फौजेला १०० पैकी १० गुण मिळतात, त्यासाठी मुख्य रंग आणि बेस (नगाच्या पायाखालची चकती) झालेला असला की पुरे.

बेससाठी विकत काही आणू नका. आपली काळी माती चाळून तव्यावर भाजून घ्या, फेविकॉल लावून त्यात बेस दाबा, वाळला की वरून पाणी घातलेला फेविकॉल सोडा म्हणजे झडत नाही. त्या काळ्यावर फिकं अंग काय उठून दिसतं! शेवटी मॅट व्हार्निश, तेही सकाळीच, आणि पावसाळ्याच्या आत उरका, कारण दमट हवेत मारलं की वर पांढुरकी झाक येते. जून उजाडला तर स्प्रे राहू द्या, ब्रशने लावायचं व्हार्निश मिळतं ते वापरा.