पाठ टेकताच घोरणारे मालक आणि टक्क जागी मी

मावशी,

माझं वय ४६. लातूरला राहते. मालकांची शेती औशाकडं आहे, रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर. लाईटची पाळी रात्रीची असली की रात्री शेतात पाणी द्यायला जातात. मला झोप लागत नाही. साडेनऊला सगळ्यांबरोबर अंथरुणावर पडते आणि मोबाईलमध्ये बारा, एक, दीड वाजलेले बघत राहते. शेजारी मालक पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरतात. यष्टीत झोपतात, सप्ताहाच्या कीर्तनात झोपतात, ताटावर बसून पेंगतात. परवा तर सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या डुलकी लागली. मी मागं होते म्हणून बरं. रात्री मला जागं बघितलं की म्हणतात, "कशाचा एवढा इचार करायलीस? झोप की!" सासूबाई म्हणतात, ज्याचं मन साफ त्याला झोप. मग मी रात्रभर शोधते, माझ्या मनात कसला मळ आहे? मालकांच्या तोंडाकडं बघून राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. शेजारणीनं दिलेली झोपेची अर्धी गोळी चार वेळा घेऊन बघितली.

हे सगळं २०१६ च्या पाणीटंचाईपासून वाढलं. आताही नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, वेळेचा भरवसा नाही, आणि उठणारी मीच. माझं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात घर पडलं तेव्हा मी नववीत होते. पण ते आता जुनं झालं.

— टक्क जागी

पोरी,

मावशी म्हणालीस म्हणून 'तू' म्हणते. पत्रात तू तक्रार लिहिलीस ती तुझ्या झोपेची, पण माझा जीव दचकला तो सिग्नलच्या वाक्याला. म्हणून आधी मालकांचं बोलू. तुझ्या झोपेला थोडा वेळ देता येईल, त्यांच्या मोटारसायकलला देता येणार नाही.

झोप पुरी झालेल्या धडधाकट माणसाला पडल्यावर झोप लागायला साधारण १० ते २० मिनिटं जातात. दिवसा-रात्री केव्हाही पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरणं हे निर्मळ मनाचं लक्षण नाही. बहुतेक वेळा ते झोपेच्या कर्जाचं लक्षण असतं. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली आठ प्रश्नांचा एक साधा तक्ता केला, तो आज जगभर वापरतात. वाचताना, टीव्ही बघताना, चारचौघांत बसल्यावर, दुपारच्या जेवणानंतर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे ते प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवावं. आणि त्यातला शेवटचा प्रश्न माहितीय कोणता? वाहतुकीत गाडी काही मिनिटं थांबली असताना डुलकी लागेल का, हा. तुझ्या मालकांनी त्याचं उत्तर तुझ्या डोळ्यांदेखत दिलंय.

यष्टीतल्या झोपेचं मी फारसं मनावर घेणार नाही. हेलकाव्यानं कुणालाही गुंगी येते. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ साली माणसांना हलत्या पलंगावर झोपवून बघितलं, तर स्थिर पलंगापेक्षा लवकर झोप लागली. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून खुरपायला बसणाऱ्या आपल्या बायांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. पण ताटावर? सिग्नलला?

कारणं दोन असू शकतात, किंवा दोन्ही मिळून एक. पहिलं समोरच आहे. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जायचं आणि सकाळी पुन्हा कामाला जुंपायचं, तर ती उणी राहिलेली झोप मिळेल तिथं वसुली करते. दुसरं कारण तुलाच शोधायचंय. आज रात्री जागीच आहेस तर त्यांचं घोरणं नीट ऐक. घोरता घोरता एकदम शांतता, दहा-पंधरा सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा आचका, असं होतं का? तसं असेल तर झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. प्रत्येक वेळी मेंदू जागा होऊन श्वास सुरू करून देतो. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी माणसाला काहीच आठवत नाही. आठ तास झोपूनही तो थकलेलाच उठतो. त्यानं बीपी वाढतो, हृदयावर ताण येतो. मोबाईलवर त्या आवाजाचं दोन मिनिटं रेकॉर्डिंग कर आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकव. ते झोपेची तपासणी सांगतील. या दुखण्यावर इलाज आहे, नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र असतं, वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानंही फरक पडतो. तोवर दारू असेल तर बंद, झोपेची गोळी तर त्यांच्या हाताला लागू देऊ नकोस. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. आणि रात्री पाणी देऊन झालं की पेंगत गाडीवर बसायचं नाही. शेतातच खाट टाकून झोपावं आणि उजाडल्यावर यावं. हे तू बायको म्हणून हट्टानं सांग, भांडण झालं तरी चालेल.

म्हणजे बघ, ज्या झोपेचा तुला हेवा वाटत होता ती कदाचित झोपच नाही. पण तुझा राग मला समजतो. आपण अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेलो आणि शेजारी कुणी बिनघोर घोरतंय, यासारखं एकटेपण नाही. त्याची लाज बाळगू नकोस.

आता तुझं.

आपली भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. भूक लागते, तहान लागते, तशी झोप 'लागते'. पडणं आपल्या हातात, लागणं नाही. तू गेली कित्येक वर्षं हाताबाहेरची गोष्ट जोर लावून करायला बघतेस. जुनी माणसं म्हणायची, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. त्यात झोपेचं निम्मं शास्त्र आलं. झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेलींनी १९८२ साली जी मांडणी केली, तिचा पहिला भाग हाच आहे. जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. तो पुरेसा वाढला की धोंडाही चालतो. दुसरा भाग अंगातल्या घड्याळाचा. ते कुणाचं पुढं असतं, कुणाचं मागं, आणि बरंचसं जन्मानंच ठरतं. साडेनऊला मालकांचं घड्याळ निजेचं वाजवतं, तुझं कदाचित अकरानंतर वाजवत असेल. सगळ्यांबरोबर पडलीस म्हणून ते पुढं सरकत नाही.

पण दाबही आहे, वेळही झाली, तरी झोप लागत नाही, असं का? कारण दारात पहारेकरी उभा आहे. हा पहारा खरा असतो, मनाचे खेळ नसतात. तुमच्याकडं मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची त्याच २०१६ साली अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात एक अभ्यास झाला. परक्या जागी पहिल्या रात्री माणूस झोपला, की त्याच्या मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि वेगळ्या आवाजाला चटकन दाद देतो, असं त्यात दिसलं. पाहुण्याच्या घरी पहिल्या रात्री आपण कुस बदलत राहतो, ते यामुळं.

तू तर हा पहारा स्वतःच्या घरात करत आलीस. ते दिवस आठव. मांजरा धरण कोरडं, एप्रिलमध्ये पहिली गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन आली, त्याआधी पाण्याच्या ठिकाणी गर्दी आवरायला जमावबंदी लावावी लागली होती. त्या शहरात घरातली बाई गाढ झोपली तर घागरी रित्या राहायच्या. नळाची पहिली फुसफूस ऐकायला तुझा कान रात्रभर उघडा राहिला आणि त्यानं काम चोख केलं. पुढं पाण्याची ओरड कमी झाली, पण कानाला कुणी सुट्टी दिली नाही. अजूनही आठवड्यातली एक रात्र खरी आणि सहा रात्री त्या एका रात्रीच्या धास्तीनं जागवलेल्या. सासूबाईंना वाटतं तसा मळ यात कुठं आहे? घराला पाणी मिळावं म्हणून जागणारं मन आहे हे.

आणि किल्लारीचं. 'पण ते आता जुनं झालं' हे वाक्य लिहून तू ते पटकन मिटवलंस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. जे घर उन्हाळ्यात गारवा द्यायचं, तेच अंगावर आलं. नववीतल्या पोरीच्या अंगानं त्या पहाटे एक गोष्ट शिकून ठेवली असेल, की घरात गाढ झोपणं धोक्याचं आहे. तुझ्या झोपेचं सगळं मूळ तिथंच आहे असं मी म्हणणार नाही. पण छातीत धडधड होऊन जाग येते का, तीच ती स्वप्नं पडतात का, पहाटे चारच्या सुमाराला डोळे उघडतात का? असेल तर हे जुनं झालेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

झोप बिघडवतं एक कारण आणि बिघडलेली ठेवतं दुसरंच, असं आर्थर स्पीलमन नावाच्या तज्ज्ञानं सांगून ठेवलंय. टंचाईनं तुझी झोप मोडली, पण आज ती मोडलेली ठेवतायत साडेनऊचं पडणं, मोबाईलमधलं घड्याळ आणि 'आज तरी लागू दे' ही विनवणी. रोज तीन-चार तास जागं पडून पडून अंथरूण हीच तुझी जागायची जागा झाली आहे. ती सवय मोडायची.

म्हणून साडेनऊला पडूच नकोस. अकरापर्यंत खुशाल बस. अकरालाही डोळे जड झाले नसतील तर आणखी बस. शीण आणि पेंग यांत फरक कर. शिणानं अंग दुखतं, पेंगेनं पापणी मिटते. पापणी मिटायला लागल्यावरच अंथरुणावर जा. पंधरा-वीस मिनिटं झाल्यासारखं वाटलं आणि डोळा लागला नाही, तर ऊठ. अंदाजानंच हं, घड्याळ बघायचं नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मंद उजेडात लसूण सोलत बस, पेंग आली की परत जा. रात्रीत तीनदा उठावं लागलं तरी चालेल. सकाळी मात्र रोज ठरलेल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली असो, आणि दुपारी पडायचं नाही. जेवणाआधी शेव-चिवडा खाल्ला की भूक मरते, तशी दुपारच्या डुलकीनं रात्रीची झोप मरते. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातील, डोकं जड राहील, चिडचिड होईल. तेवढे काढ. झोपेच्या तज्ज्ञांचा हा पहिला इलाज आहे, गोळी त्याच्या नंतर येते. शेजारणीची गोळी परत देऊन टाक. ती तिच्यासाठी लिहून दिलेली आहे.

संध्याकाळी सहानंतर चहा नको. चहातलं कॅफिन त्या अॅडेनोसिनच्याच जागा अडवून बसतं आणि त्यातलं निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. मालक शेतात निघताना त्यांच्याबरोबर घेतेस तो कप तर तुझा नव्हेच. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं पाय धू. पायाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि अंग थोडं निवलं की झोप लागते. स्लॅबचं घर रात्रीपर्यंत आग ओकतं, तेव्हा उन्हाळ्यात गच्चीवर झोपता आलं तर उत्तमच.

वय ४६ आहे, म्हणून आणखी एक. पाळी पुढं-मागं होते का, रात्री एकदम घाम फुटतो का, पाय सारखे हलवावेसे वाटतात का? हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. बायांची झोप पुरुषांपेक्षा जास्त मोडते, आणि त्यातली काही कारणं रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात.

राहिलं पाणी. घरात किती जण आहेत ते तू लिहिलं नाहीस. मुलगा असो, मुलगी असो, मालक स्वतः असोत, पाण्याची रात्र आता पाळीनं वाटून घ्या. हौद असेल तर तो भरला की आपोआप पाणी बंद करणारा फ्लोट बसवून घ्या, फार खर्च नाही त्याला. आणि तुझं अंथरूण नळापासून लांबच्या खोलीत ने. पहिल्या काही वेळा पाणी आलं की तुला जाग येईलच, कान इतक्या लवकर ऐकणार नाही. तेव्हा दुसरं कुणी उठल्याची पावलं ऐक, घागर खाली ठेवल्याचा आवाज ऐक, आणि उठू नकोस.

मालकांच्या तपासणीचं काय झालं ते मात्र कळव. या आठवड्यातच.

— तुझी मावशी