ऊसतोडीला आलेली माणसं दुखणं अंगावर का काढतात?

तुम्ही विचारलंय, की तुमच्या रानात उतरलेल्या टोळीतल्या एका बाईला रात्र रात्र झोप नाही, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, आणि सरकारी दवाखाना जवळ असूनही ती जात नाही. मी शिरोळ तालुक्यात आरोग्यसेविका आहे, हंगामात कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाणं असतंच. तिला दवाखान्याचं महत्त्व कळत नाही असं कृपा करून समजू नका.

पहाटे चूल, भाकरी, पाणी, आणि उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, मग त्याच मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते. गाडी रात्री अकराला आली तर भरायची रात्री अकरालाच. आमची ओपीडी उघडी असते तेव्हा ती फडात असते. त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. एकानं काम सोडलं तरी खाडा पडतो, म्हणजे गैरहजेरी लागते, आणि टोळी आणणारा मुकादम तो हिशोबात धरतो. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, तर गावाकडंच खर्च झालेली असते, लग्नात नाहीतर जुनं देणं फेडण्यात. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या साली अंगावर. झोप उडायला आणखी काय लागतं?

"टेन्शन आहे का?" असं विचारलं तर कुणी हो म्हणत नाही. कंबर धरलीय, चक्कर येते, जीव घाबरा होतो, असंच सांगतात. एकीनं मला कनवटीची पुडी सोडून दाखवली होती. किराणा दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या, त्याही रिकाम्या पोटी घ्यायची. रक्तदाब मोजला तर १७०/११०. गावाकडं बीपीची गोळी चालू होती. टोळी इकडं आली, गोळी तिकडंच राहिली. म्हणून तुमच्या टोळीतल्या बाईचाही आधी बीपी बघायला हवा, सगळं मनाचंच आहे असं धरून चालू नका.

तुम्ही रानमालक आहात, तुमचा शब्द चालतो. मुकादमाशी तुम्हीच बोला आणि तिच्या अर्ध्या दिवसाचा खाडा धरायचा नाही हे कबूल करून घ्या. माझ्या मते हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. गावातल्या आशाताईंना सांगून संध्याकाळी कोपीवरच तपासणी होते का बघा. तिच्या कागदपत्रांवर पत्ता बीडचा, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याचा, असला म्हणून काही अडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गोळीचं नाव आणि डोस कागदावर लिहून तिच्याजवळ द्या, टोळी पुढच्या गावाला हलली की तोच कागद कामाला येतो.

पाळीचा किंवा अंगावरून जाण्याचा त्रास असेल आणि कुणी लगेच "पिशवी काढा", म्हणजे गर्भाशय काढा, म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशाच शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली होती.

मन मोकळं करायला १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. पण फोन बहुतेक वेळा नवऱ्याकडं असतो. तुमच्या घरातल्या बाईमाणसाला तिच्याजवळ बसवून त्यांच्या फोनवरून लावून द्या. "जगावंसं वाटत नाही" असं ती बोलली, तर मात्र गाडी भरायची वाट बघू नका. तिला एकटं सोडू नका, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि त्याच दिवशी कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या.