बुबुळ बदललेला डोळा लसीनंतर लाल झाला तर

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीत बाबांना फ्लूची लस दिली आणि आठवड्याभरात बुबुळ (कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) बदललेला डोळा लाल झाला, उजेड खुपतोय. लस देऊन चूक केली का? आधी त्यांना घेऊन निघा, बाकीचं गाडीत वाचा.

माझाही उजवा डोळा असाच, बुबुळ बदललेला. 2021 च्या पावसाळ्यात कोविडची दुसरी लस घेतली. दहाव्या दिवशी सकाळी खिडकीचे गज पुसट दिसले. खानापुरचा पाऊस, वाटलं काचेवर वाफ धरलीय. मग एकेक डोळा झाकून पाहिला. उजवा झाकला की गज स्वच्छ, डावा झाकला की धुकं.

त्याच दिवशी बेळगावला डोळ्यांचा दवाखाना गाठला. काउंटरवर मी कन्नडमध्ये एवढंच म्हणालो, "कण्णु केंपागिदे." डोळा लाल झालाय. तिथल्या बाईंनी फाइल उघडलीच नाही. डोळे आले असतील म्हणत नऊ दिवसांनंतरची तारीख दिली, आणि मी मुकाट्यानं चिठ्ठी घेऊन परत आलो. येताना मेडिकलमधून अँटिबायोटिकचे थेंब आणले. ते नऊ दिवस मला सगळ्यात महाग पडले. डॉक्टरांनी बघताच रिजेक्शन, म्हणजे शरीर बसवलेलं बुबुळ परकं समजून नाकारतंय, म्हणून सांगितलं, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब दर तासाला सुरू केले. बुबुळ वाचलं, पण नजर पूर्वीसारखी आली नाही. बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी पाणी बाहेर काढून ते नितळ ठेवतात. त्या मेल्या की नव्या होत नाहीत. लवकर उपचार मिळाले तर बरीच रिजेक्शन्स आटोक्यात येतात, म्हणूनच त्या काउंटरचा राग अजून जात नाही.

लसीचं म्हणाल तर कोविडच्याच नव्हे, फ्लूच्या लसीनंतरही अशा केसेस नोंदल्या गेल्यात. पण त्या मोजक्या. आणि लस न घेताही, कित्येक वर्षांनी, रिजेक्शन येतं, त्यामुळे लसीवर बोट ठेवणं अवघड. मी लस घेणं सोडलेलं नाही आणि बाबांचीही थांबवू नये असं माझं ठाम मत आहे. फक्त आता आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारतो. मला ते लसीच्या आगेमागे काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब वाढवून देतात. मी डॉक्टर नाही, माझं बघून परस्पर वाढवू नका. त्या थेंबांनी डोळ्यातला दाब चढतो, काचबिंदू असेल तर जास्तच जपावं लागतं. बंदही करू नका. आणि ते दुधाळ थेंब असतील तर बाटली नीट हलवून घाला, खाली गाळ बसतो. हे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काउंटरवर "डोळा लाल आहे" म्हणू नका. "बुबुळ बदललेला डोळा आहे, रिजेक्शनची शंका आहे" असं सांगा. तारीख द्यायला लागले तर "इवत्ते नोडबेकु", आजच बघायला पाहिजे, म्हणा आणि बाबांना घेऊन तिथेच बसून राहा.