कार्कासोनचा किल्ला : अस्सल किती, नवा किती?

प्रश्न : आम्ही मुलाकडे तुलूजला जाणार असून तेथून दक्षिण फ्रान्समधील कार्कासोनचा मध्ययुगीन किल्ला पाहण्याचा बेत आहे. सह्याद्रीतील गड हिंडण्याची मला जुनी आवड आहे. परंतु हा किल्ला एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नव्याने उभारला, असे वाचल्यापासून मन खट्टू झाले आहे. तेथे अस्सल काय पाहावे? पत्नीच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण अवश्य जा. १६५९च्या तहाने स्पेनची सरहद्द दक्षिणेकडे सरकली, तेव्हा या किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले. पुढे दोन तटांमधल्या जागेत गरिबांची घरे झाली, चिरे निखळले आणि १८५०च्या सुमारास तर सरकारनेच तो पाडण्यास मोकळीक दिली होती. स्थानिक इतिहासप्रेमींनी तो निर्णय फिरवून घेतला आणि १८५३पासून व्हियोले-ल्-द्युक या वास्तुविशारदाने डागडुजी हाती घेतली. त्याचे काम प्रामुख्याने माथ्यावरचे आहे : चर्या (तटाच्या माथ्यावरचा खाचांचा कठडा) आणि बुरुजांवरची छपरे. पाटीच्या दगडाची ती उंच, टोकदार छपरे उत्तर फ्रान्सच्या वळणाची असून या भागात उतरती कौले शोभली असती, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही त्याने हात घातला नसता, तर आज पाहायला फारच थोडे उरले असते.

म्हणून नजर छपरांवरून खाली आणावी. आतल्या तटाच्या उत्तर बाजूस लहान घडीव दगडांच्या ओळी आणि मध्येच लाल विटांचे पट्टे दिसतात. ते रोमन काळाच्या अखेरचे बांधकाम. त्यातले बुरूज बाहेरून गोल, आतून सपाट आहेत. तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजांनी बाहेरचा तट घातला, तेव्हा मधली जमीन खणून सपाट केली. त्यामुळे रोमन पाया उघडा पडला आणि त्याला खालून नव्या दगडांचा आधार द्यावा लागला. परिणामी काही ठिकाणी जुना तट वर आणि त्याच्याहून हजारएक वर्षांनी धाकटे बांधकाम त्याच्या पायाशी, असा उलटा क्रम दिसतो. गड वाचण्याची सवय असलेल्या माणसाने तेथे निवांत थांबावे. पूर्वेच्या नार्बोन दरवाजाचे जुळे बुरूज १२८०च्या सुमारास बांधले असून त्यांच्या चिऱ्यांचे पुढे आलेले फुगीर पोट हाताला जाणवते.

बालेकिल्ला म्हणजे त्रांकावेल घराण्याचा वाडा. १२०९च्या वेढ्यानंतर त्या घराण्यातील तरुण सरदार रेमों-रोजे कैदेत वारला. हा वाडा आणि तटावरील फांजी (तटाच्या माथ्यावरून चालण्याची वाट) पाहण्यास तिकीट आहे, पायऱ्याही पुष्कळ आहेत. तेवढे आपण एकट्याने पाहावे.

पत्नीसाठी दोन तटांमधली मोकळी वाट उत्तम. तिला तिकीट नाही, पायऱ्या थोड्या आहेत आणि वर सांगितलेला रोमन तट तिथूनच सर्वांत चांगला दिसतो. मात्र नार्बोन दरवाजाने आत शिरावे, कारण पश्चिमेच्या ओद दरवाजाची चढण खडी आहे. तुलूजहून रेल्वेने सुमारे तासाभरात पोहोचता येते. स्टेशन नदीपलीकडच्या गावात असल्याने तेथून वाहन करावे.