एमएक्स-५ टायर खातेय: कॉइलओव्हर घ्यायच्या आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००१ ची माझदा एमएक्स-५, गाडी ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवलेल्या, रोज ब्रिस्टलमध्ये कामावर जाणं आणि वर्षातून चार-पाचदा कॅसल कूमच्या ट्रॅकवर. पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेनं गुळगुळीत झालाय, मागचे दोन्ही आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत गेलेत आणि वळणात पुढची चाकं बाहेर घसरत जातात. दुकानदार म्हणतो कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा जोड संच) घाला. घालावेत का?

आत्ता नको. मी इंग्लंडमध्ये याच पिढीची एमएक्स-५ बरीच वर्षं चालवतोय, तिचं सगळं काम घरच्या गॅरेजमध्ये करतो. तुमच्या टायरांवर दोन वेगळ्या तक्रारी लिहिलेल्या आहेत. त्या एकच समजलात तर कॉइलओव्हर घालूनही दोन्ही तशाच राहतील.

आधी पुढचा टायर. कॅसल कूमला गाडी घड्याळाच्या दिशेनं फिरते आणि बहुतेक वळणं उजवीकडची. म्हणजे दिवसभर भार येतो पुढच्या डाव्या चाकावर. गाडी डावीकडे कलली की ते चाकही वरून बाहेर झुकतं आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. निगेटिव्ह कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग मुळातच थोडा आत झुकवून ठेवायचा, म्हणजे ऐन वळणात टायर सपाट टेकतो. तुमचं पुढचं कॅम्बर कमी पडतंय. बाहेरची कड त्यामुळेच जाते आणि पकडही त्यामुळेच सुटते.

मागच्या टायरांचं दुखणं ट्रॅकवरचं नाही, मोटरवेवरचं आहे. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं असतं. गाडी खाली आणली की चाकं आपोआप आत झुकतात आणि त्याबरोबर टोही हलतो. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ पुढे बघतंय की आत-बाहेर वळलंय ते. स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट केल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. माझा सगळा संशय तिथेच आहे.

लोक टायर झिजला की कॅम्बरला दोष देतात. माझा अनुभव वेगळा आहे: कॅम्बर कड निवडतं, पण टायर खातो तो टो. गणित करून बघा. चाक फक्त ०.३ अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे ५ मीटर आडवं घासलं जातं. ब्रिस्टल ते लंडन साधारण १९० किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंत तो टायर जवळजवळ एक किलोमीटर आडवा ओढला गेलेला असतो, आणि कॅम्बरमुळे तो भार आतल्या कडेवर जास्त. मी दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर ठेवून वर्षानुवर्षं रोज गाडी चालवतोय. टो नीट असेल तर टायर जवळजवळ सारखे झिजतात.

आता खरं काम, आणि इथे घाई करू नका. या गाडीचं कॅम्बर बदलतं ते खालच्या आर्मच्या बोल्टांनी, आणि मागचा टोही त्यांनीच. बोल्टाला मध्य सोडून बसवलेली चकती असते, तो फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. प्रत्येक चाकाला दोन, म्हणजे एकूण आठ. इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि ते बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्याच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून बसतात. नट सुटतो, बोल्ट हलत नाही. अलाइनमेंटवाला अशा वेळी फक्त पुढचा टाय रॉड (स्टीयरिंगचा दांडा, त्यानं पुढचा टो बदलतो) फिरवतो आणि गाडी परत देतो. माझ्याबाबतीत एका दुकानात हेच झालं होतं. कागदावर पुढचा टो हिरवा म्हणजे बरोबर, मागचा लाल म्हणजे चुकलेला, आणि तोंडानं कोणी काही सांगितलं नाही. सहा महिन्यांत मागचे दोन टायर गेले. म्हणून बुकिंगच्या आधी गंज सोडवणारं तेल आठवडाभर रोज मारा आणि आठही बोल्ट स्वतः फिरवून बघा. एखादा अजिबात हलला नाही तर तो कापून काढून नवा बोल्ट आणि नवी बुश घालावी लागते. बसवताना भरपूर अँटी-सीझ (बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. आणि रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच. गाडी उचललेली असताना कसलेत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बोल्ट फिरायला लागले की रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी मी हे आकडे सुचवीन. पुढे कॅम्बर उणे २ अंशांच्या जवळ, मागे उणे १.५ ते १.७५. पुढचा टो शून्य. मागे अगदी थोडा टो-इन (चाकाची पुढची कड किंचित आत), रिमवर मोजला तर दोन्ही चाकांचा मिळून २ मिमी. मागे टो-आउट कधीही नको, ओल्या रस्त्यावर ही गाडी मागून सुटायला वेळ लावत नाही. कॅस्टर (बाजूनं पाहिलं तर पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) ५ अंशांच्या आसपास मिळालं तर छान, पण कॅम्बर मिळवताना थोडं सोडावं लागलं तरी चालेल. पुढच्या प्रत्येक चाकाचे ते दोन बोल्ट कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही एकदमच हलवतात. मोजताना टाकी अर्धी भरलेली आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं हवं. हजार-अकराशे किलोच्या गाडीत ७५ किलोचा माणूस बसला की आकडे हलतात.

घरी पडताळायचं असेल तर ओळंबा पुरतो. माझे वडील गवंडीकाम करायचे, त्यांचाच ओळंबा मी वापरतो. आधी पाणसळीनं जमीन सपाट आहे ना ते बघा. मग चाकासमोर ओळंबा सोडून दोऱ्यापासून रिमची वरची आणि खालची कड किती लांब आहे ते मोजा. दोन बिंदूंत ४०० मिमी अंतर असेल तर ७ मिमीचा फरक म्हणजे एक अंश. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना मासेमारीची दोरी समांतर ताणायची. या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा किंचित रुंद अंतरावर आहेत, ते दोरी लावताना धरायला विसरू नका. मन लावून केलंत तर मशीनच्या आकड्याशी छान जुळतं.

हवेचा दाब राहिला. ट्रॅकच्या दिवशी सकाळी दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा आणि टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा. पाच फेऱ्यांनी परत येऊन बघा. रेघ खांद्याच्या खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर दुमडतोय, थोडी हवा वाढवा. अजिबात पुसली नसेल तर कमी करा. टायर तापला की दर सहा-सात अंशांना साधारण १ पीएसआय चढतो, म्हणून गरम असताना हवा सोडलीत तर घरी निघण्याआधी परत भरा. तुमचे टायर एका दिशेचे नसतील तर ट्रॅकच्या दोन दिवसांनंतर डावा-उजवा बदलून टाका.

जाड अँटी-रोल बारचा (वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याचा) मोह होईल. पुढे घातलात तर बाहेरच्या पुढच्या टायरवर भार आणखी वाढेल. टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे तुमची तक्रार वाढूही शकते. मागे घातलात तर पावसात गाडी फिरेल. आधी अलाइनमेंट, मग एक ट्रॅकचा दिवस, आणि दर वेळी एकच बदल.

कॉइलओव्हरला माझा विरोध नाही. जुने शॉक गळत असतील किंवा खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर (शॉकची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळत असेल तर शॉक बदलायलाच हवेत, कारण खाली आणलेल्या या गाडीत चाकाला वर जायला जागा फार कमी उरते. पण तो निर्णय आठ बोल्टांनंतरचा. मागचा डावा बोल्ट बहुधा सगळ्यांत हट्टी निघेल, माझा तोच निघाला होता. त्याला तेल आजपासूनच लावायला घ्या आणि तो फिरला की मला कळवा.