चोवीस सिटिंगचे पॅकेज घ्यावे का?

फोंड्याहून रोज पणजीत पाटो येथे नोकरीसाठी जाणाऱ्या एका ३४ वर्षांच्या लेखापाल भगिनीचे पत्र आले आहे. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून संध्याकाळपर्यंत त्यांची मान आखडते आणि कंबर धरते. एका कायरोप्रॅक्टिक (मणके व सांधे हाताने दाबून किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्या) दवाखान्याने त्यांना २४ सिटिंगचे ३६,००० रुपयांचे पॅकेज सुचवले असून सुटे सिटिंग २,००० रुपयांना पडते. 'नो कॉस्ट ईएमआय'ची, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांचीही सोय आहे. पगार हातात ४२,००० रुपये येतो, अडीअडचणीसाठी ९०,००० रुपये बाजूला ठेवलेले आहेत आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे.

माझ्या मते हे पॅकेज आपण आज घेऊ नये. उपचारच घेऊ नयेत, असे मात्र मी म्हणत नाही.

पॅकेजमध्ये १२,००० रुपये वाचतात असे दिसते, परंतु ही बचत चोवीसही सिटिंग पूर्ण करणाऱ्याची आहे. ३६,००० रुपयांत सुटी १८ सिटिंग होतात. म्हणजे अठराव्या सिटिंगपूर्वी आपण थांबलात, तर पॅकेज महागच पडले. आठ सिटिंगनंतर बरे वाटले, किंवा काहीच फरक पडत नाही असे लक्षात आले, तर १६,००० रुपयांच्या कामाला आपण २०,००० रुपये जास्त मोजलेले असतील. नव्याने उद्भवलेली साधी कंबरदुखी बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली अशा दुखण्यासाठी औषधांआधी जे पर्याय सुचवले, त्यांत शेक आणि मसाज यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचारही (कायरोप्रॅक्टर करतात तो) आहे. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने मात्र २०१६ साली तो व्यायामाच्या जोडीनेच विचारात घ्यावा असे म्हटले. थोडक्यात, उपचार निरर्थक नाही, पण तपासणीपूर्वीच ठरलेला २४ हा आकडा मला वैद्यकीय कमी आणि व्यापारी अधिक वाटतो. (मान वळवताना होणारा 'टक्' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे, तो सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्यामुळे येतो.)

हप्त्यांच्या सोयीबद्दल अधिक सावध राहावे. दवाखान्याला रक्कम सुरुवातीलाच मिळते आणि कर्ज मात्र आपल्या नावावर, बँकेकडे राहते. उद्या दवाखाना बंद झाला किंवा आपण जाणे सोडले, तरी हप्ते चालूच राहतात, आणि ते चुकले तर सिबिल स्कोअर घसरतो. शिवाय 'नो कॉस्ट' म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो.

हा खर्च दुसरीकडून भरून निघेल, अशी आशा ठेवू नये. मेडिक्लेम बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतो आणि आयुष (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी इत्यादी) उपचारांच्या यादीत कायरोप्रॅक्टिक नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्डही येथे कामी येईल असे गृहीत धरू नये. डॉक्टरांची असते तशी कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद भारतात नाही, त्यामुळे उपचार करणाऱ्याने पदवी कोठून घेतली, हे आपणच विचारून घ्यावे लागते.

आपल्या पत्रातील एक ओळ मला पॅकेजपेक्षा महत्त्वाची वाटली: कार्यालयातील खुर्चीचा गॅस गेला असल्याने ती बसताच खाली जाते आणि पाठीशी घरची उशी ठेवावी लागते. अशा खुर्चीवर रोज आठ तास बसून आठवड्यातून दोनदा पाठ सरळ करून घेणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून लादी पुसण्यासारखे आहे. खुर्ची दुरुस्त करून देणे हे कंपनीचे काम आहे. तसा लेखी अर्ज द्यावा. लॅपटॉपचा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस यांवर दोन-तीन हजार रुपये स्वतः खर्च करावे लागले, तरी ते सार्थकी लागतील.

त्यानंतर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे एकदा तपासून घ्यावे आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. एवढे करूनही कायरोप्रॅक्टिककडे जावेसे वाटले, तर चवथीचा खर्च आटोपल्यावर मासिक पगारातून तीन सुटी सिटिंग, म्हणजे ६,००० रुपये, एवढीच मर्यादा ठेवावी. राखीव ९०,००० रुपयांना हात लावू नये. ते जेमतेम दोन पगारांएवढे आहेत आणि पॅकेज त्यातील ४० टक्के रक्कम एकदम खाऊन टाकेल. तीन सिटिंगनंतर खरोखर उतार पडला, तर सहा सिटिंगचे छोटे पॅकेज मागावे आणि उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. ती लिहून देण्यास दवाखाना तयार नसेल, तर सुटे पैसे देत राहावे.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरील ताबा सुटला, अथवा दुखण्याबरोबर ताप येऊ लागला, तर मात्र सिटिंगचा आणि खर्चाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. मानेला झटका देण्याच्या उपचारात क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून मानेवरील उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊ नयेत.