‘नको’ दाबलं तरी गोष्ट तिथेच येते

आईनं पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला. "तुम्हीच बघा मॅडम. मला वाचवत नाही."

जूनचा दुसरा आठवडा होता, शाळा नुकत्याच सुरू होत होत्या. आई पतसंस्थेत नोकरीला, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, घरात आजी. मुलगी १४ वर्षांची, नववीत गेलेली. तिला इथे सई म्हणते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि घरचे तपशील बदललेत, आणि दोघींना विचारूनच हे लिहिते आहे.

झालं असं की वडिलांच्या खात्यातून ८९ रुपये जाऊ लागले. पंधरा दिवसांत अकरा वेळा. कुणीतरी गंडवतंय असं वाटून ते बँकेत गेले. तिथल्या मुलानं स्क्रीन बघून सांगितलं की हे पैसे मोबाइलमधल्या एका ॲपला जात आहेत. ॲप गोष्टींचं होतं. आईनं उघडून वाचलं, आणि त्या रात्री सईचा मोबाइल कपाटात गेला. तीन दिवस सई कुणाशी धड बोलली नाही, दोनदा जेवणावरून उठून गेली. आजी म्हणाली, वयात आलेली पोर आहे, आताच आवरा.

"मॅडम, माझी मुलगी बिघडली का?"

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न मला महिन्यातून एकदोनदा तरी येतो. चौदाव्या वर्षी शरीराबद्दल, प्रेमाबद्दल कुतूहल नसेल तरच नवल, हे मी प्रत्येक आईला सांगते. आपणही त्या वयात गादीखाली काहीबाही लपवून वाचलेलं असतं. पण एवढंच सांगून आईबापांना घरी पाठवणं मला पटत नाही. मूल काय वाचतंय आणि त्यातून काय उचलतंय, हे बघितल्याशिवाय धीर देणं म्हणजे ताप न मोजताच औषध देणं.

ज्यांनी ही ॲप्स पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात गोष्ट नुसती वाचायची नसते. नायिकेचा चेहरा, केस, कपडे आपण निवडायचे, नावही आपलंच द्यायचं. दर चार-पाच वाक्यांनी समोर दोनतीन पर्याय येतात, त्यातला एक दाबला की गोष्ट पुढे जाते. काही पर्याय फुकट असतात, काहींना डायमंड लागतात आणि ते पैसे देऊन घ्यायचे. एक भाग संपला की पुढच्यासाठी काही तास थांबायचं, नाहीतर पुन्हा पैसे. काही गोष्टी कंपनीच्या असतात, पण सईच्या ॲपवरच्या बहुतेक गोष्टी वाचकांनीच लिहिलेल्या होत्या. लिहिणारे कोण, किती वयाचे, हे कळायला मार्ग नाही.

सईला मी एकटीला भेटले. आधी ठरवून घेतलं: "तू दाखवशील तेवढंच बघेन. आईला काय सांगायचं ते आपण दोघी ठरवू. पण तुला कुणाकडून धोका आहे असं दिसलं, तर ते मी लपवणार नाही." मग गोष्टींचा विषय काढण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. त्या ॲपवर किंवा त्यावरच्या ग्रुपमध्ये कुणी खासगीत मेसेज करतं का? कुणी फोटो मागितला का? कुणी भेटायला बोलावलं का? तिन्हींचं उत्तर नाही होतं. एकालाही हो असतं तर हा लेख वेगळा झाला असता. अशा वेळी बालकांची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हे नंबर हाताशी लागतात. आणि मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. ते माझ्यावर आहे तसंच पालकांवरही.

"आता ती गोष्ट दाखवतेस?"

तिनं मोबाइल उघडला, मान खाली घालून. नायिकेला सईचंच नाव, सईसारखीच वेणी. कॉलेज, पार्टी, श्रीमंत बापाचा चिडका मुलगा. तो तिला गाडीत बसवतो, दारं लॉक करतो, मनगट धरतो. इथे दोन पर्याय आले. ‘त्याला थांबव’, हा फुकट. ‘काही बोलू नकोस’, याच्यापुढे डायमंडचं चित्र आणि १८ हा आकडा.

सईनं ‘त्याला थांबव’ दाबलं. नायक हसला, म्हणाला की तुलाही हेच हवंय, आणि तेच दोन पर्याय पुन्हा आले. तिनं पुन्हा ‘थांबव’ दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा अंगठा काचेवर नुसता धरलेला राहिला.

"‘नको’ दाबलं तरी गोष्ट तिथेच येते मॅडम. पुढं जायचं तर डायमंड लागतात."

"म्हणून घेतलेस?"

"हो. पुढं तो सॉरी म्हणतो. तो सॉरी म्हणेपर्यंत मला थांबवत नव्हतं."

मी या कामात सोळा वर्षं आहे, पण या वाक्यानं मी गप्प झाले. आईला वाटत होतं की पोरीनं घाणेरडं वाचायला पैसे उडवले. पोरीनं ते पैसे त्या गाडीतून बाहेर पडायला दिले होते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. प्रेमाचा प्रसंग वाचून मूल बिघडत नाही. पण नकार देणारं बटण फुकट आहे आणि ते दाबून काहीच होत नाही, गप्प राहिलं की मात्र गोष्ट पुढे सरकते आणि शेवटी तो गोड बोलतो, हे नायिकेला स्वतःचं नाव देऊन, स्वतःच्या बोटानं पन्नास वेळा केलं तर काय रुजतं? कादंबरी वाचताना पोरगी बाजूला उभी राहून बघत असते. इथे ती आत असते.

आईनं विचारलेला दुसरा प्रश्न अगदी रास्त होता. "ॲपवर बारा प्लस लिहिलंय. मग हे कुणी तपासत नाही का?"

प्ले स्टोअरवर दिसणारा तो आकडा बहुतेक वेळा एका प्रश्नावलीतून येतो. ॲप बनवणारी कंपनी ती स्वतः भरते: हिंसा आहे का, लैंगिक मजकूर आहे का, वापरणारे एकमेकांशी बोलू शकतात का. उत्तरांवरून वय ठरतं, आणि ते सगळ्या ॲपला मिळून एकच. आत रोज नव्यानं येणाऱ्या गोष्टींना ते एकेक करून कुणी लावत नाही. अनेक ॲप्सवर खातं उघडायला तेरा वर्षांची अट असते, तिच्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. ती अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून आली, आणि तो कायदा तेराच्या आतल्या मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल आहे. तेराव्या वर्षी काय वाचलेलं चालेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ओटीटीवरच्या मालिकांना ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ अशी वर्गवारी आली, तसा एकेका गोष्टीवरचा शिक्का वाचकांनी लिहिलेल्या गोष्टींवर नसतो. थोडक्यात, पाटी दुकानाच्या दारावर आहे, आतल्या बरण्यांवर नाही.

गाडीतल्या त्या प्रसंगाची तक्रार मी स्वतः ॲपवर नोंदवली. चार दिवसांनी तयार मजकुराचं उत्तर आलं: गोष्ट नियमांत बसते. मी ती पुन्हा वाचली तेव्हा असं कसं झालं असेल ते लक्षात आलं. त्यात एकही ‘वाईट’ शब्द नव्हता. मनगट, दार, श्वास, अंधार. अशा ठिकाणी पहिली चाळण यंत्र करतं, आणि साध्या चाळण्या शब्द हुडकतात. प्रसंगात काय चाललंय ते त्यांना कळत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या हिंदी-मराठी गोष्टी तर त्यातून आणखीच सहज निसटतात.

हे मी सईला सांगत होते तेव्हा ती मधेच म्हणाली, "मग माझी का काढली?"

तोवर मला माहीत नव्हतं की सईही लिहिते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं पाच भाग लिहिले होते. नायिका डान्स क्लासला जाते, तिथले सर नको तसा हात लावतात, तिला कुणाला सांगायचं कळत नाही. पाचव्या भागात सर काय करतात त्याला सईनं सरळ शब्द वापरला, शाळेतल्या सुरक्षित स्पर्शाच्या तासाला बाईंनी सांगितलेला. काही तासांत गोष्ट गायब. ‘अयोग्य मजकूर’, शिवाय खातं बंद करण्याची ताकीद.

ही तिचीच हकीकत तर नाही ना, हे मी स्पष्ट विचारलं. दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत. तिची नव्हती, मैत्रिणीचीही नव्हती. शाळेतला तो तास आणि पेपरमधली एक बातमी, यातून ती आली होती.

"म्हणजे मीच घाण लिहिलं ना?" सईनं विचारलं. मोबाइल काढून घेतल्यापेक्षा हे तिला जास्त लागलं होतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. एकाच ॲपवर, एकाच महिन्यात, जबरदस्तीला प्रेम म्हणणारी गोष्ट राहिली आणि जबरदस्तीला जबरदस्तीच म्हणणारी गोष्ट उडाली. चौदा वर्षांच्या मुलीनं यातून काय समजायचं? की असं काही झालं तर चालतं, फक्त बोलायचं नाही. मला याचा राग आला, आणि तो मी तिच्यासमोर लपवला नाही. मी म्हटलं, "तू चूक केली नाहीस. तू बरोबर शब्द वापरलास. ज्यानं तो काढला त्याला तुझी गोष्ट वाचता आली नाही."

पुढचं काम घरातलं होतं. वडिलांनी प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग केली, दहा मिनिटांचं काम. मोबाइल परत मिळाला, रात्री चार्जिंगला मात्र बाहेरच्या खोलीत. ॲप काढायचं की ठेवायचं, हे मी सईवर सोपवायला सांगितलं. वडील नाराज होते. पण हुकमानं काढलेलं ॲप मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की तो धोका मला मोठा वाटत होता.

आणि आईला एक अवघड गोष्ट सांगितली. रविवारी अर्धा तास सईशेजारी बसून तिच्याबरोबर एक भाग वाचायचा. रागवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. फक्त पर्याय आला की थांबून विचारायचं: तू काय म्हणाली असतीस? आणि त्यानं ऐकलं नसतं तर कुणाला फोन केला असतास?

पहिल्या रविवारी आई दोन मिनिटांत उठून स्वयंपाकघरात गेली. मला फोनवर म्हणाली, "मला लाज वाटते हो." दुसऱ्या रविवारी बसली. तिसऱ्या रविवारी तिनंच विचारलं, "हा मुलगा ऐकतच नाही, मग हिला तो आवडतो कसा?" त्यावर दोघी तासभर बोलल्या. ॲप सईनं ऑगस्टमध्ये काढून टाकलं, कंटाळा आला म्हणाली. पुन्हा टाकेलही कदाचित.

तिची उडालेली गोष्ट मी तिला वहीत उतरवायला सांगितली होती, आठवेल तशी. शेवटच्या भेटीला ती वही घेऊन आली आणि आईसमोर वाचून दाखवू का म्हणाली. तो शब्द आला तिथे तिचा आवाज थोडा हलला, पण ती थांबली नाही. पाचवा भाग संपतो तेव्हा नायिका क्लासमधून घरी येते, आई कणीक मळते आहे, ती दारात उभी राहते.

सईनं वही मिटली. आईनं विचारलं, "मग? सांगितल्यावर आई काय म्हणते?"

"ते अजून लिहिलं नाही," सई म्हणाली.

आईनं तिच्या हातातून वही घेतली, पुढचं कोरं पान उघडलं आणि माझ्या टेबलावरचं पेन तिच्यापुढे ठेवलं.